पदार्थविज्ञानाचा अभ्यास आणि ठाण्याचे एक पंतोजी

गेल्या वैशाखांत डोंबिवलीस आमच्या शेजारचे एक गृहस्थ आपल्या मुलीची उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आले. मुलगी नववींतून दहावींत जाणारी. मराठी-संस्कृतांत वर्गांतल्या पहिल्या चारांत, गणितांत बरी. परंतु विज्ञानाच्या ज्या भागांत पदार्थविज्ञान येतें त्यांत चाळिसांपैकीं अकरा गुण. गृहस्थांचे प्रश्न दोन होते. शिकवणीचा कोणता वर्ग लावावा, हा पहिला. दुसरा त्यांनीं मुलगी आंतल्या घरांत गेल्यावर आवाज उतरवून विचारला. हा विषय तिच्या डोक्यांत शिरण्यासारखा नसेल तर तसें स्पष्ट सांगा, म्हणजे विज्ञानशाखेचा नाद आम्ही आतांच सोडूं, उगाच पोरीचे हाल नकोत, असें त्यांचें म्हणणें. आम्ही गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत हाच विषय शिकवीत आहों. तेव्हां दोन्ही उत्तरें आमच्या जिभेवर तयार असतील अशी त्यांची समजूत असावी. आम्हीं मात्र चार दिवसांची मुदत मागून घेतली.

मुदत मागण्याचें कारण एका जुन्या प्रसंगांत आहे, आणि तो आमच्या लौकिकाचा नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक विद्यार्थिनी होती. दहावी-बारावीस उत्तम गुण, आमच्या परीक्षेंतहि ती पहिली. एका प्रदर्शनाहून विद्यार्थ्यांसह आम्ही संध्याकाळच्या गाडीनें कल्याणकडे परतत होतों. दिवा स्टेशन जवळ येतांच गाडीनें ब्रेक लावला आणि उभे असलेले आम्ही सर्वजण पुढें कललों. सहज गंमत म्हणून आम्हीं तिला विचारलें, "आतां तुला पुढें कोणीं ढकललें?" ती म्हणाली, "ब्रेकच्या बलानें, सर." "ब्रेक गाडीला पुढें ढकलतो कीं मागें खेंचतो?" यावर ती गप्प राहिली. खरें पाहतां कोणींच ढकललेलें नसतें. पाय गाडीबरोबर थांबूं लागतात आणि वरचें अंग आपल्या पूर्वीच्या चालीनें पुढें जात राहतें, एवढेंच. न्यूटनचा पहिला नियम तिनें आठवड्यापूर्वींच उत्तरपत्रिकेंत अक्षरशः बिनचूक लिहिला होता, आणि खालीं उदाहरण दिलें होतें तें नेमकें अकस्मात् थांबणाऱ्या बसमधील उतारूचें! त्या उत्तरास आम्हींच पैकीच्या पैकी गुण दिले होते. आणि तें ज्या टिपणांवरून आलें होतें तीं टिपणेंहि वर्गांत फेऱ्या मारीत आम्हींच सांगितलेलीं. असा माणूस दुसऱ्याच्या मुलीच्या डोक्याविषयीं निकाल कसा देणार?

तेव्हां त्या चार दिवसांत शिकवणीच्या वर्गांची चौकशी न करितां, हा विषय आपल्या प्रांतांत मुलांच्या हातीं कसकसा आला याचा इतिहास आम्हीं पुन्हां एकदां चाळून पाहिला.

मराठींत या शास्त्राचें आरंभींचें एक पुस्तक १८३३ सालचें. हरि केशवजी पाठारे यांनीं तें केलें आणि त्याचें नांव ठेविलें 'सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद'. नांव उच्चारतांना धाप लागते हें खरें. पुढें त्यांतला 'सिद्ध' गळाला, 'पदार्थविज्ञान' राहिलें, आणि त्याचीहि जागा पुढें 'भौतिकशास्त्र' या शब्दानें घेतली. पदार्थ म्हटलें कीं मुलांना ताटांतले पदार्थ आठवतात म्हणून हा फेरफार झाला, असें आमचे एक स्नेही सांगत. त्यांच्या इतर व्युत्पत्तींइतकीच ही विश्वसनीय आहे. आम्हांस जुना शब्द आवडतो, म्हणून या लेखापुरता तोच ठेवितों. परंतु त्या लांबलचक नांवांतील महत्त्वाचा शब्द शेवटचा आहे: संवाद. हरि केशवजींचें रसायनशास्त्राचें १८३७ चें पुस्तकहि संवादरूपच. त्या काळीं इंग्लंडांत जेन मार्सेट नांवाच्या बाईंनीं शास्त्रीय विषय गुरु आणि शिष्यिणी यांच्या संभाषणांतून सांगण्याची रीति लोकप्रिय केली होती. त्यांचें रसायनशास्त्रावरील संभाषणांचें पुस्तक १८०६ सालीं निघालें, आणि तें ज्या हजारों वाचकांच्या हातीं पडलें त्यांत लंडनमधील एका पुस्तकें बांधणाराच्या दुकानांतला एक उमेदवार मुलगा होता. त्याचें नांव मायकेल फॅरडे. शाळा त्याच्या वांट्याला फारशी आलेली नव्हती. पुस्तकांत वाचलेलें विधान खरें कीं खोटें हें तो परवडतील तेवढ्या पैशांत लहानसहान प्रयोग करून पाही, आणि खरें ठरलें म्हणजे त्या पुस्तकावर त्याचा भरंवसा वाढे. १८१२ सालीं सर हंफ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें त्यानें ऐकलीं, तीं आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढलीं, स्वतः बांधलीं आणि डेव्हींकडे पाठविलीं. तीं टिपणें त्याच्या हातचीं होतीं. कोणीं त्याला तीं सांगून उतरवून दिलेलीं नव्हतीं. आम्हांस यांतला भेद उशीरा उमगला.

संवादांत शिष्य अडतो, चुकतो, उलट विचारतो. आमच्याकडे झालें तें असें कीं, संवादाचीं पुढें प्रश्नोत्तरें झालीं, प्रश्नोत्तरांतून प्रश्न परीक्षकाकडे गेला, आणि विद्यार्थ्याच्या पदरांत नुसतें उत्तर राहिलें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं निघालें, १८५९ पासून त्याची मॅट्रिक्युलेशन परीक्षा सुरू झाली, आणि या कोंकणपट्टींतल्या घरोघरच्या शहाण्या मुलाचें भवितव्य तिच्याशीं बांधलें गेलें. १९४९ सालीं मॅट्रिकच्या जागीं एस्. एस्. सी. आली, १९७५ सालीं अकरावीची दहावी झाली, २०१८ सालीं दहावीच्या विज्ञानाचीं पुस्तकें नवीं झालीं आणि पदार्थविज्ञानाच्या भागांत पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आला. हीं पुस्तकें आम्हीं लक्षपूर्वक वाचलीं आहेत. तीं वाईट नाहींत. आकृत्या आहेत, करून पाहण्याच्या कृति आहेत. मुलें त्या कृतींचीं अनुमानें पाठ करितात.

आतां याच्या शेजारीं दुसरी एक हकीकत ठेवावी. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली. चौदा डबे, चारशें पाहुणे, आणि ओढावयास तीन एंजिनें. पुढच्या वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ती कल्याणास पोंचली. तेथून लोहमार्गाचे दोन फांटे झाले. एक बोरघाटानें पुण्याकडे, दुसरा थळघाटानें नाशिककडे. आणि १८६३ ते १८६५ या दोन-तीन वर्षांत दोन्ही घाट गाड्या चढूं लागल्या. दोहोंचा अत्यंत तीव्र चढ सदतीस फुटांस एक फूट. म्हणजे बलांचें पृथक्करण, उतरणीवरील वस्तु, वाफेचें कार्य, घर्षण, उष्णतेनें लोखंडाचें वाढणें हें सारें पुस्तकांतलें प्रकरण कल्याणच्या मुलाच्या दारांतून दिवसांतून अनेक वेळां शिट्टी फुंकीत जाऊं लागलें. एवढी मोठी प्रयोगशाळा त्या काळीं हिंदुस्थानांत दुसऱ्या कोणत्या शाळेला मिळाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तिला फी नव्हती, आणि बहुधा म्हणूनच तिच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

ज्या १८५३ सालीं गाडी ठाण्यास आली त्याच सालीं दापोली तालुक्यांतील मुरुड गांवीं शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. त्यांची कथा आम्ही जरा विस्तारानें सांगणार आहों, कारण शेजारच्या गृहस्थांस जें उत्तर आम्हांस द्यावयाचें होतें तें आम्हांस तेथें सांपडलें. दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिकून मराठी शाळेंत शिक्षक झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. रेवदंड्यास कांहीं वर्षें काढून १८८० च्या सुमारास ते ठाण्याच्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून आले, आणि पुढें बार्शी, धुळें, पुणें अशा बदल्या घेत १८९८ सालीं, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, वारले. म्हणजे ज्यांना आपण पंतोजी म्हणून सोडून देतों त्यांतले ते एक. या पंतोजींनीं १८९६ सालीं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर हिंदी पंचांगावर त्यांनीं लिहिलेला इंग्रजी ग्रंथहि निघाला. दोन्ही आज शंभरांवर वर्षें झालीं तरी अभ्यासकांच्या टेबलावर आहेत. मुलांसाठीं त्यांनीं 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' आणि 'सृष्टचमत्कार' अशीं पुस्तकें लिहिलीं. यांतलें दुसरें १८८२ चें, म्हणजे ठाण्याच्या दिवसांच्या आसपासचें.

दीक्षितांची सर्वांत गाजलेली गोष्ट एका वाक्याची आहे. शतपथब्राह्मणांत कृत्तिका नक्षत्राविषयीं अशा अर्थाचें एक विधान आहे कीं, इतर नक्षत्रें पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहींत. हें वाक्य आमच्या वैदिकांनीं पिढ्यान् पिढ्या, एकहि स्वर न चुकवितां, मुखोद्गत ठेविलें होतें. युरोपांतील पंडितांनीं तें छापलें, त्याचें भाषांतर केलें. दीक्षितांनीं तें वाचलें आणि एक साधा प्रश्न विचारला: आज कृत्तिका कोठें उगवतात? आज त्या नेमक्या पूर्वेस उगवत नाहींत. बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. मग विधान खोटें, कीं आकाश बदललें? संपातबिंदु दर बहात्तर वर्षांस सुमारें एक अंश सरकतो हें ज्योतिषांत ठाऊक होतें. तेव्हां कृत्तिका विषुववृत्तावर, म्हणजे ठीक पूर्वेस उगवण्याच्या जागीं, केव्हां होत्या हें गणितानें काढतां येतें. दीक्षितांनीं तें काढलें. काळ आला ख्रिस्तापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षें. १८९५ सालीं 'इंडियन ॲन्टिक्वरी'मध्यें त्यांनीं हें मांडलें. या काळावरून ब्राह्मणग्रंथांचें वय ठरवावें कीं नाहीं याबद्दल पुढें पुष्कळ वाद झाला, आणि आजहि सर्व विद्वान् तें मान्य करीत नाहींत. तें वाक्य जुन्या स्मरणाचें असेल, किंवा 'पूर्व' हा शब्द तितक्या सूक्ष्मपणें वापरलेला नसेल. तो वाद येथें नको. आमचें लक्ष त्या प्रश्नावर खिळलें. ज्यांना तें वाक्य पाठ होतें त्यांची चूक नव्हती. त्यांनीं पाठ ठेविलें म्हणून तर तें दीक्षितांपर्यंत पोंचलें. परंतु वाक्य हें आकाशाविषयीं कांहीं सांगतें आहे, आणि आकाश अजून डोक्यावर आहे, हें त्या पंतोजींच्या ध्यानांत आलें.

त्यांच्या आधींच्या पिढींतले केरोपंत छत्रे यांचीहि मुळाक्षरें हींच. ते १८२५ चे, अलीबागजवळील नागांवचे. पंधरा-सोळाव्या वर्षीं, म्हणजे आमच्या शेजारच्या मुलीच्या वयाचे असतांना, ते कुलाब्याच्या वेधशाळेंत सहाय्यक झाले. ठरलेल्या घटकेस उठून लोहचुंबकाची सुई किती हालली तें पाहावयाचें आणि मांडून ठेवावयाचें, हें काम. पुढें तेच केरोपंत पुण्यास गणिताचे व सृष्टिशास्त्राचे अध्यापक झाले, १८६० सालीं त्यांचीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध झालीं, आणि टिळकांसारखा विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेला. (त्याच वेधशाळेचें चुंबकीय काम १९०४ सालीं मुंबईहून अलीबागेस न्यावें लागलें, मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येऊं घातल्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहानें सुया विचलित झाल्या असत्या. प्रवाहाभोंवतीं चुंबकक्षेत्र असतें हें वाक्य घोकणाऱ्या मुलांस ही हकीकत कोणी सांगत नाहीं.)

हें सर्व मनांत घेऊन पांचव्या दिवशीं आम्हीं गृहस्थांस सांगितलें कीं, मुलीच्या डोक्याविषयीं आम्हांस कांहीं कळत नाहीं, पण तिच्या अभ्यासाविषयीं कळतें. रविवारचा एक तास तिला पाठवा. त्यानंतर जें घडत गेलें त्यांतला इतरांच्या उपयोगाचा भाग येथें देतों.

पहिल्या दिवशीं तिनें त्वरणाची व्याख्या म्हणून दाखविली. तिची शाळा मराठी माध्यमाची, पण विज्ञान व गणित इंग्रजींतून. ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशा शाळा गल्लोगल्लीं आहेत. तिनें इंग्रजी व्याख्या खाड्‌कन म्हटली. आम्हीं म्हटलें, हेंच तुझ्या आजीला कळेल असें सांग. ती अडखळली. पहिला अडथळा भाषेचा होता आणि तो तिच्या वडिलांना ठाऊकच नव्हता. इंग्रजी शब्द टाकूं नयेत. पुढें तेच लागणार आहेत. परंतु जी गोष्ट घरच्या मराठींत सांगतां येत नाहीं ती आपल्याला कळली असें समजूं नये, एवढा नियम आम्हीं केला. तिसऱ्या रविवारीं तिनें सांगितलें, "गाडी सुटतांना आपण मागें जातों ना, त्वरण म्हणजे तें जास्त कीं कमी तें." शास्त्रीय व्याख्या ही नव्हे, पण आम्हीं सांगितलेल्या टिपणांपेक्षां ती पुष्कळ पुढची होती.

दुसरें काम आगगाडीवर. लोहमार्गाच्या कडेला किलोमीटरचे आंकडे लिहिलेले असतात. खिडकीशीं बसून (दाराशीं लोंबकळून नव्हे) एका किलोमीटरपासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले तें मोजावें, छत्तीसशेंला त्या संख्येनें भागावें. ताशीं किलोमीटर मिळतात. बहात्तर सेकंद लागले तर वेग पन्नास. ठाणें ते डोंबिवली सुमारें चौदा किलोमीटर. त्यास एकवीस मिनिटें लागलीं तर सरासरी वेग चाळीस. पण खिडकींतून मोजलेला वेग कधीं सत्तर भरतो, कधीं शून्य. सरासरी वेग आणि तत्क्षणींचा वेग यांतला भेद यानंतर कोणत्याहि मुलास शिकवावा लागत नाहीं. आमच्या लहानपणीं ही मोजणी कानांनीं होई. तेरा मीटरांचे रूळ असत आणि प्रत्येक सांध्यावर चाक खट् वाजे; सत्तेचाळीस सेकंदांत जितके खट्‌कार तितके ताशीं किलोमीटर. कां, तें वाचकांनीं गुणाकार करून पाहावें. आतां रूळ लांबच्या लांब सांधलेले असल्यानें ती सोय गेली. सांध्यांत फट कां ठेवीत, आणि तेरा मीटरांचा पोलादी रूळ तीस अंश तापला तर साडेचार-पांच मिलिमीटर कसा वाढतो, हें मात्र उष्णतेच्या पाठांत तिनें आपण होऊन काढलें.

घाटाचें उदाहरण तिला फार आवडलें. सदतीसास एक हा चढ. सातशें चाळीस टन वजनाची गाडी असेल तर तिचें वजन तिला उतरणीवरून मागें किती ओढील? नुसता भागाकार आहे: वीस टनांच्या भाराइतकें. घाट चढतांना मागून जादा एंजिनें कां लावतात, आणि पूर्वीं ब्रेक सुटलेली गाडी अडवावयास वर चढत जाणाऱ्या आडमार्गांची योजना कां होती, हें एका भागाकारांत येतें. परंतु तो भागाकार करण्यापूर्वीं आकृति काढावी लागते आणि बाण कोणत्या दिशेचा हें ठरवावें लागतें. येथें आम्ही हट्टी आहों. आकृतीवांचून सूत्राला हात लावावयाचा नाहीं. पदार्थविज्ञानाचीं निम्मीं उदाहरणें चुकतात तीं गणितांत नव्हे, बाण उलटा काढल्यानें. आणि उलटा बाण हा दिवा स्टेशनावरच्या त्या उत्तराचाच भाऊ. हा घोटाळा आमच्याकडेच आहे असें नाहीं. वर फेंकलेल्या नाण्यावर चढतांना वरच्या दिशेनें बल असतें काय, असा प्रश्न अमेरिकेंतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारून त्यांचीं उत्तरें १९८२ सालीं प्रसिद्ध झालीं. बहुसंख्य विद्यार्थी 'असतें' म्हणाले. हात सुटल्यावर त्या नाण्यास वर ढकलणारें जगांत कांहीं नसतें.

विजेच्या पाठाला ठाकुर्ली जवळ आहे. १९२५ सालीं मुंबई ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली ती पंधराशें व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढें विजेच्या गाड्या कल्याणपर्यंत व घाटावर गेल्या, आणि रेल्वेनें ठाकुर्लीस चोळ्याचें वीजघर उभारलें. तें केव्हांच बंद पडलें. पंधराशें व्होल्टचा कारभार हळूहळू पंचवीस हजार व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहावर गेला आणि २०१५ सालीं मुख्य मार्गावर तो बदल पुरा झाला. कां केला? दाब सुमारें सतरा पट झाला तर तितक्याच शक्तीसाठीं प्रवाह सतरा पट कमी लागतो. आणि तारेंत उष्णता होऊन जी नासाडी होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यानें, तारा त्याच असत्या तर ती पावणेतीनशें पटींहून अधिक घटली असती. जूलचा नियम पुस्तकांत एका ओळींत आहे. ती ओळ ज्यानें पाठ केली आहे आणि ज्यानें हा हिशेब केला आहे अशा दोन मुलांना परीक्षेंत एका प्रश्नापुरते सारखेच गुण मिळतील. प्रश्न जरा फिरवून आला कीं मात्र मिळणार नाहींत.

भिंगांचें सामान तर घरांतच होतें. आजोबांचा वाचण्याचा चष्मा खिडकीसमोर भिंतीशीं धरिला आणि मागें-पुढें केला. समोरची इमारत भिंतीवर उलटी उमटली. भिंतीपासून अंतर मोजलें, अर्धा मीटर भरलें. एकास अर्ध्यानें भागिलें, दोन आले. चष्म्याच्या कागदावर नंबर होता अधिक दोन. त्या दिवशीं मुलीपेक्षां आजोबाच अधिक खुष झाले.

परीक्षेचा तिरस्कार करण्याचा आमचा विचार नाहीं. मार्चमधली परीक्षा हें मध्यम वर्गाच्या घरांतलें सत्य आहे. म्हणून रोकडें कांहीं सांगतों. व्याख्या, नियम आणि सूत्रांची सिद्धता पाठ असावी; तोंडपाठ असलेलें वाक्य वेळेवर धावून येतें. प्रत्येक पायरीस एकक लिहावें. न्यूटनच्या जागीं ज्यूल आले तर चूक कोठें झाली तें एककच सांगतें. गणित करण्यापूर्वीं उत्तर अदमासानें किती येईल तें कडेला लिहावें. त्या मुलीच्या जुन्या उत्तरपत्रिकेंत घरगुती दिव्याचा प्रवाह चार हजार अँपिअर आला होता आणि तिनें त्याखालीं दोन रेघा ओढल्या होत्या. चार हजार अँपिअरला दिवा काय, चाळ पेटेल. जें उदाहरण चुकलें तें निराळ्या वहींत उतरवून आठ दिवसांनीं, पुस्तक मिटून, पुन्हां करावें. ही वही आमच्या मतें कोणत्याहि गाईडापेक्षां मोलाची. आणि शिकवणीच्या वर्गास जावें कीं नाहीं? जवळ चांगला शिक्षक असेल तर अवश्य जावें. मात्र तेथें मुलगी कांहीं विचारते कीं केवळ उतरून घेते, एवढें पालकांनीं महिन्यानें एकदां पाहावें. गुणांविषयीं आम्हीं गृहस्थांस कसलेंहि वचन दिलें नाहीं. पहिल्या सहामाहींत अकराचे तेवीस झाले. विज्ञानशाखेचा विषय त्यांनीं पुन्हां आमच्यापाशीं काढलेला नाहीं.

कार्तिकांत एका संध्याकाळीं आम्हीं तिला दीक्षितांची गोष्ट सांगितली आणि म्हटलें कीं, आपल्या अक्षांशावर आज कृत्तिका पूर्वेच्या सुमारें पंचवीस अंश उत्तरेस उगवतात, पाहावयाच्या असतील तर गच्चीवर जा. डोंबिवलीच्या उजेडांत तो तारकांचा पुंजका डोळ्यांस कसाबसा दिसतो. शिवाय आमच्या पूर्वेस आतां मोठी इमारत झाली आहे. तासाभरानें ती होकायंत्र आणि वही घेऊन खालीं आली. तिचा कोन एकोणीस अंश होता. आम्हीं म्हटलें, मोजण्यांत चुकलीस. पुन्हां गेली, पुन्हां आली. बरीचशी वेळ गेल्यामुळें या खेपेस सतरा. आम्ही होकायंत्राला दोष देऊं लागलों, तेव्हां ती म्हणाली, "काका, तुमचे पंचवीस क्षितिजावरचे ना? मला इमारतीच्या वर आल्यावर दिसल्या. त्या सरळ वर चढत नाहींत, तिरक्या चढतात; दोन खेपांत दोन अंश दक्षिणेकडे सरकल्या कीं." आम्हीं कागद घेऊन त्रिकोणमिति मांडली. क्षितिजाच्या वीस अंश वर आल्यावर कोन एकोणीस-साडेएकोणीस भरतो.